जे इथे शिकवता येतं, त्यासाठी कर्ज कशाला?

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठांच्या संख्याशास्त्र विभागप्रमुखांना खुलं पत्र

आदरणीय सर आणि मॅडम,



गणपती उठले की तुमच्या केबिनबाहेर मुलांची ये-जा वाढते. कुणाला ट्रान्स्क्रिप्टच्या अर्जावर सही हवी असते, कुणाला शिफारसपत्र. त्यातली काही मुलं परदेशात बायोस्टॅटिस्टिक्समध्ये मास्टर्स करायला निघालेली असतात. कुठल्या देशात जायचं, किती ठिकाणी अर्ज करायचे, कर्ज किती काढायचं, हे तोवर ठरून गेलेलं असतं आणि ठरवणाऱ्यांत तुम्ही नसता. ते एखाद्या कन्सल्टन्सीच्या एसी ऑफिसात ठरलेलं असतं. तुमच्या वाट्याला फक्त सही उरते. सहीच्या आधी तुमच्याशी जे बोलणं व्हायला हवं होतं, त्याबद्दल हे पत्र आहे.

मी संख्याशास्त्राचीच विद्यार्थिनी. औषधचाचण्यांच्या आकडेवारीचं काम करते आणि नोकरीसाठी आलेल्या मुलांच्या मुलाखतीही घेते. इथली एम.एस्सी. झालेली आणि बाहेरून मास्टर्स करून आलेली, अशी दोन्हीकडची मुलं त्याच खुर्चीत येऊन बसतात. त्यांच्याशी बोलून माझं एक मत बनलं आहे, ते आधीच सांगून टाकते. बायोस्टॅटिस्टिक्सच्या मास्टर्सची निवड एका प्रश्नावर व्हावी: इथे जे मिळत नाही, ते तिथे नेमकं काय मिळणार आहे? जे आपल्याकडे उत्तम शिकवलं जातं, त्यासाठी आईबापांनी घर तारण ठेवू नये. आणि ‘इथे काय मिळतं’ हे तुमच्याइतकं नेमकं कुणालाच सांगता येणार नाही.

आधी अभ्यासक्रम पाहू. अमेरिकेतल्या बहुतेक नावाजलेल्या विभागांत मास्टर्सच्या पहिल्या वर्षी संभाव्यता, अनुमान आणि रिग्रेशन शिकवतात. अनुमानासाठी बऱ्याच ठिकाणी कॅसेला आणि बर्जर यांचं पुस्तक असतं, जे तुमच्याही एम.एस्सी.च्या वर्गांत ओळखीचं आहे. लाइकलिहुड, सफिशियन्सी, नेमन-पिअर्सन यांतलं आपल्या मुलांना काहीच परकं नसतं. वसंत शंकर हुजूरबाजार केंब्रिजला हॅरोल्ड जेफ्रीज यांच्या हाताखाली शिकून आले आणि त्यांनी १९५३ मध्ये पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभा केला. तेव्हापासून सिद्धान्ताच्या बाबतीत आपण कुणापुढे मान खाली घालावी अशी स्थिती कधी आली नाही. म्हणून एम.एस्सी. झालेली मुलगी बाहेर जाऊन पहिलं वर्ष पुन्हा तेच शिकणार असेल, तर त्या वर्षाची फी ती कशासाठी भरते आहे, हे तिला कुणीतरी विचारायला हवं.

आपल्या मुलांकडे नसतं ते वेगळंच. एखाद्या डॉक्टरशी त्यांनी नमुन्याच्या आकारावरून कधी वाद घातलेला नसतो. सर्जन विचारतो, “किती पेशंट लागतील?” सूत्रात आकडे टाकून याचं उत्तर मिळत नाही. आधी त्यालाच उलट विचारावं लागतं, की दोन उपचारांत किती फरक दिसला तर तुम्ही उद्यापासून तुमची पद्धत बदलाल? तो फरक त्याच्या तोंडून काढून घेणं हे आमच्या कामाचं पहिलं कौशल्य. दुसरं म्हणजे, तिसऱ्या तपासणीनंतर न फिरकलेला पेशंट बरा झाला, गावी गेला की दगावला हे कळत नसताना त्याच्या नोंदींचं काय करायचं ते ठरवणं. वर्गातल्या डेटाचे सगळे रकाने भरलेले असतात. हॉस्पिटलच्या डेटात पुष्कळदा रिकाम्या रकान्यातच खरी गोष्ट दडलेली असते. “नोंदी गहाळ असतील तर काय कराल?” असं मुलाखतीत विचारलं, की उत्तम गुणांनी पास झालेली मुलंही चटकन म्हणतात, “सरासरी टाकू.” का गहाळ आहेत, असं उलट विचारणारं मूल क्वचित भेटतं. असं विचारणाऱ्याला मी लगेच कामावर घ्यायला तयार असते.

आता खरी मेख. हा अनुभव आपल्याकडे खरंच मिळत नाही का? जॉन्स हॉपकिन्सचा बायोस्टॅटिस्टिक्स विभाग १९१८ चा, या विषयातल्या सर्वांत जुन्या विभागांपैकी. तिथे प्रवेश मिळावा म्हणून पुण्यातली मुलं जिवाचं रान करतात. त्याच हॉपकिन्सचं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाबरोबरचं संशोधन केंद्र पुण्यात, ससूनच्या आवारात, कितीतरी वर्षं चालू आहे. एचआयव्हीबाधित आईच्या दुधातून बाळाला होणारी लागण नेव्हिरापिन जास्त दिवस देऊन रोखता येते का, हे तपासणाऱ्या तीन देशांतल्या चाचण्यांपैकी भारतातली चाचणी तिथेच झाली आणि एकत्रित निष्कर्ष २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. ससूनहून विद्यापीठात पीएमपीची बस जाते. एम.एस्सी.च्या किती वर्गांनी ती पकडून एखादी दुपार तिथे काढली असेल?

पुण्यापुरतीच ही गोष्ट नाही. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ पासून चालू आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत राबवली, ४७ गावं तुलनेसाठी ठेवली आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये जगापुढे मांडलं. गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती. मग हा परिणाम उपचाराचाच, असं आपण कशाच्या बळावर म्हणतो? तुलनेच्या गावांत त्याच काळात काय घडत होतं? टी. वाय.च्या वर्गात यावर एक तास वाद झाला, तरी कार्यकारणभावावरची चार व्याख्यानं वाचतील.

धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची जी चाचणी झाली ती तर जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाचा तिच्यात मोठा वाटा होता. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ समूह आणि चार गट. एका गटाची एचपीव्ही तपासणी, एकाची पॅप, एकाची ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी केलेली पाहणी आणि चौथ्याला नेहमीचीच सेवा. २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष आले: एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले होते. इथे चिठ्ठी निघाली ती समूहाची, बाईची नव्हे. एका गावातल्या बायका एकमेकींसारख्या असतात. त्यामुळे सव्वा लाखाचा नमुना दिसतो तितका मोठा राहत नाही. समूहांतर्गत सहसंबंध समजवायला याहून चांगलं उदाहरण मी पाहिलेलं नाही, आणि ते आपल्याच एसटीच्या वाटेवरचं आहे.

हे सगळं मुलांच्या अर्जातल्या उद्देशपत्राशी थेट जोडलेलं आहे. ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ हा अर्जातला एकच कागद, ज्यात मूल स्वतःच्या आवाजात बोलतं. पण कन्सल्टन्सीतून येणारी उद्देशपत्रं एका साच्यातून काढलेली असतात: लहानपणापासून गणिताची ओढ, कोविडच्या काळात आकड्यांचं महत्त्व पटलं, आपलं विद्यापीठ जगप्रसिद्ध आहे. प्रवेश समितीतले प्राध्यापक असे ढीगभर कागद वाचतात. त्यात एखादी मुलगी धाराशिवचे ५२ समूह घेऊन, ‘हा अभ्यास मला वेगळ्या तऱ्हेनं आखायचा असता तर’ अशी सुरुवात करते, तेव्हा वाचणारा सावरून बसतो. पण हे तिला सुचायला तो अभ्यास आधी तुमच्या वर्गात आलेला असायला हवा.

आता शिफारसपत्राकडे वळते. “तूच लिहून आण, मी सही करतो,” हे वाक्य आपल्या सगळ्या महाविद्यालयांत चालतं. तुमच्यावरचा ताण मला दिसतो. रिकाम्या जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर विभाग चालतात, परीक्षांचं काम संपता संपत नाही. तरीही ही सवय मुलांच्या मुळावर येते. मुलानं स्वतःबद्दल लिहिलेल्या पत्रात ‘हुशार, कष्टाळू, नम्र’ याखेरीज काही नसतं, कारण स्वतःची तुलना इतरांशी करणं त्याच्या हातात नसतं. ती तुमच्या हातात असते. आपल्या विद्यापीठात ६८ टक्के म्हणजे काय, हे परदेशी समितीला कळत नाही. वर्गात पहिल्या पाचांत होती, त्या वर्षी सिद्धान्ताचा पेपर अवघड होता, प्रकल्पातली चूक तिनं स्वतः शोधून काढली, अशा चार ओळी तुम्ही लिहिल्यात तर त्या गुणपत्रिकेपेक्षा जास्त बोलतात. वर्षाला दहा मुलांसाठी साचेबंद पत्रं देण्यापेक्षा चारच मुलांसाठी खरी पत्रं द्या. उरलेल्यांना स्पष्ट सांगा, की मी तुला पुरेसं ओळखत नाही, दुसऱ्या सरांकडे जा. तोही उपकारच आहे.

कन्सल्टन्सीवाल्यांना दोष देऊन मी मोकळी होणार नाही. त्यांचा तो धंदा आहे. परदेशी विद्यापीठांशी करार असलेल्या कन्सल्टन्सीला मुलानं प्रवेश घेतल्यावर विद्यापीठाकडून कमिशन मिळतं. मुलीकडच्यांचा सल्लागार म्हणून बसलेला, पण दलाली नवऱ्यामुलाकडून घेणारा मध्यस्थ जशी स्थळं आणेल, तशीच विद्यापीठं मुलांपुढे येतात. जिथे करार नाही ती नावं यादीत दिसतच नाहीत. बायोस्टॅटिस्टिक्सचे कितीतरी उत्तम विभाग अशा गैरहजर नावांत असतात.

मग निवडायचं कशावरून? सबंध विद्यापीठाच्या क्रमवारीवरून नक्कीच नव्हे. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनची एका वर्षाची मेडिकल स्टॅटिस्टिक्सची एम.एस्सी. आमच्या क्षेत्रात वजनदार मानतात. पण ती संस्था पदवीपूर्व शिक्षण देत नाही आणि एकाच क्षेत्रात काम करते, त्यामुळे क्यूएसच्या सर्वसाधारण जागतिक यादीत ती सापडत नाही. बेल्जियममधलं हॅसल्ट विद्यापीठ बायोस्टॅटिस्टिक्ससाठी जगभर ओळखलं जातं, फी अमेरिकेच्या मानानं खूपच कमी, पण सर्वसाधारण क्रमवारीत ते बरंच खाली आहे. परदेशी शिक्षणाच्या सरकारी शिष्यवृत्त्यांतही हीच क्रमवारी पाहिली जाते, हा आणखी एक घोळ. तो सोडवणं तुमच्या हातात नाही. पण क्रमवारी म्हणजे विभाग नव्हे, एवढं तरी मुलांना तुम्ही सांगू शकता.

पदवीचं नाव नीट वाचायला शिकवा. अमेरिकेत एम.एस. आणि एम.पी.एच. या दोन्हींत बायोस्टॅटिस्टिक्स असतं, पण एम.पी.एच. सार्वजनिक आरोग्याची पदवी आहे आणि तिच्यात गणित बेतानं असतं. हॉपकिन्समध्येच एम.एच.एस. ही साधारण वर्षभराची, तर एससी.एम. ही प्रबंध मागणारी. वॉशिंग्टन विद्यापीठात प्रबंधाचा आणि कॅपस्टोनचा असे वेगळे मार्ग आहेत. पुढे पीएच.डी. करायची तर प्रबंधाचा रस्ता आणि त्याआधी रिअल ॲनालिसिस पक्कं; उद्योगात जायचं तर औषधचाचण्या, सॅस, आर आणि प्रत्यक्ष प्रकल्प. अमेरिकी पदवीला सीआयपी क्रमांक असतो. बायोस्टॅटिस्टिक्सचा २६.११०२ हा स्टेमच्या यादीत आहे, म्हणून शिक्षणानंतर १२ महिने आणि वर आणखी २४ महिने काम करण्याची परवानगी मागता येते. सर्वसाधारण एम.पी.एच.ला बहुधा ही वाढीव मुदत मिळत नाही. ब्रोशरवर दोन्हींचे फोटो सारखेच देखणे असतात.

विभागाला ई-मेल करून चार गोष्टी विचारायला लावा. मास्टर्सच्या मुलांना संशोधन किंवा अध्यापन साहाय्यक म्हणून काम मिळतं का, की ते फक्त पीएच.डी.वाल्यांसाठी राखून ठेवलेलं असतं? गेल्या तीन वर्षांतली परदेशी मुलं आज कुठे काम करतात? विभागाचं हॉस्पिटलशी, कर्करोग केंद्राशी किंवा चाचण्यांच्या समन्वय केंद्राशी नातं काय? वर्गात किती जण? याची उत्तरं टाळणारा विभाग न बोलताही बरंच सांगून जातो. तारखाही आधीच विचारून ठेवायला सांगा. अमेरिकेतल्या बहुतेक विभागांच्या मुदती डिसेंबरपासून सुरू होतात, म्हणजे आपल्या सत्र परीक्षांच्या धामधुमीतच. जीआरई कुठे मागतात, कुठे ऐच्छिक, कुठे बंद. तीन वर्षांची बी.एस्सी. काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी चौथं वर्ष किंवा एम.एस्सी. लागते. हे सगळं दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कळलं तर मुलं तयारी करतात, नोव्हेंबरात कळलं तर एजंट गाठतात.

पैशाबद्दल बोलताना आपण आपलाच विषय विसरतो. “सरासरी पगार एवढा, म्हणजे कर्ज इतक्या वर्षांत फिटेल,” असं गणित घरोघरी मांडलं जातं. ही सरासरी कोणाची? ज्यांनी नोकरी मिळाल्याचं कळवलं त्यांची. शिवाय सरासरी शेकडो मुलांची असते, कुटुंब मात्र एकच खेप खेळतं. अमेरिकेत २०२५ मध्ये संशोधनाच्या सरकारी अनुदानांना कात्री लागली, अनेक विभागांनी पीएच.डी.च्या जागा घटवल्या आणि सप्टेंबरात अमेरिकेबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लागू झालं. पसरण एवढी वाढलेली असताना फक्त मध्याकडे बोट दाखवणं आपल्याला शोभत नाही. नोकरी मिळायला एक वर्ष लागलं, परत यावं लागलं, तर हप्ते कोण भरणार, हा प्रश्न पालकांसमोर तुम्हीच ठेवा. तुमचं ते ऐकतात.

त्याच बैठकीत देशातल्या वाटाही सांगा. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयपीएसमध्ये, बायोस्टॅटिस्टिक्स आणि लोकसंख्याशास्त्राची एम.एस्सी. आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम १९९२-९३ च्या पहिल्या फेरीपासून याच संस्थेकडे आहे. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि बंगळुरूचं निमहान्स इथे स्वतःचं हॉस्पिटल असलेल्या संस्थेतच बायोस्टॅटिस्टिक्सची एम.एस्सी. करता येते. एम.एस्सी. करून आधी नोकरी, मग बाहेर, हाही मार्ग आहे. सायरस मेहता आणि नितीन पटेल यांनी १९८७ मध्ये अमेरिकेत स्थापन केलेल्या सायटेल या कंपनीचं मोठं काम पुण्यातून चालतं. तशा कंपन्यांत दोन वर्षं काढलेल्या मुलाला आपल्याला काय येत नाही ते कळलेलं असतं, आणि मग विभाग निवडताना तो ब्रोशरला भुलत नाही. जायचं असेल त्यानं जरूर जावं. साताऱ्याच्या बुधमध्ये जन्मलेले पां. वा. सुखात्मे लंडनला शिकले, रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचं काम उभं केलं आणि पुढे पुण्यात राहून कुपोषणाचे आकडे उलटेपालटे तपासत राहिले. जाणं वाईट नाही. काय आणायला जातो आहोत हे न कळता जाणं महाग पडतं.

तुमच्याकडून मला मोठ्या सुधारणा नकोत. शासन निर्णय लागणार नाही, अशा चारच गोष्टी मागते.

पहिली, दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी जूनमध्ये एक सभा घ्या. तिथे मुदती, पदव्यांतले फरक, देशातले पर्याय आणि कर्ज यांवर मोकळेपणानं बोला.

दुसरी, गावातल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनऔषधवैद्यक विभागाशी, म्हणजे पीएसएमवाल्यांशी, बोलणं सुरू करा. त्यांच्या निवासी डॉक्टरांना प्रबंधासाठी नमुन्याचा आकार काढून हवा असतो, तुमच्या मुलांना खरा डेटा हवा असतो. दोघांची गरज एकमेकांशी जुळते. नैतिकता समितीची परवानगी आणि रुग्णांची नावं झाकणं, हे नियम मुलांनी तिथेच शिकावेत.

तिसरी, शिफारसपत्र स्वतः लिहा, थोडीच लिहा.

चौथी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. विभागाच्या भिंतीवर परदेशी गेलेल्या मुलांचे फोटो लावता, त्याऐवजी पूर्ण यादी ठेवा. अर्ज किती जणांनी केले, कितींना प्रवेश मिळाला, कितींना आर्थिक मदत मिळाली, किती जण पैशापायी थांबले, आणि गेलेले दोन वर्षांनी कुठे आहेत. नावं नकोत, आकडे पुरेत. निवडक यशाच्या नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, हे तुम्हीच आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलंत. विभागाचा स्वतःचा डेटा त्या कसोटीला उतरला, तर पुढच्या मुलांना एजंटच्या आकड्यांवर विसंबावं लागणार नाही. यंदाचे अर्ज सुरू व्हायच्या आत गेल्या पाच वर्षांची यादी तयार होऊ शकते. माजी विद्यार्थ्यांना फोन करायला माणसं कमी पडत असतील तर आम्हाला सांगा; आम्ही तुमचेच विद्यार्थी आहोत, हे काम आनंदानं करू.

कळावे,

आपली,
औषधचाचण्यांत काम करणारी एक माजी विद्यार्थिनी